परसातल्या जातिवंत कोंबड्या: पैदाशीचे पक्षी निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवड करताना सगळ्यात आधी काय पाहायचं?

जोम. त्यानंतर बांधा, मग अंडी आणि वजन, आणि रंग सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं उलट करतात: रंगावर भाळून पक्षी ठेवतात आणि चार पिढ्यांनी तक्रार करतात की अंडी फळत नाहीत, पिल्लं तग धरत नाहीत. रंगाच्या बऱ्याच चुका थोड्याच जनुकांमुळे होतात; योग्य जोडी लावली तर दोन-तीन पिढ्यांत त्या सावरतात. जोम, प्रजननक्षमता आणि पाठीची रुंदी यांच्यामागे मात्र कितीतरी जनुकं असतात. ती एकदा कळपातून निसटली की पुन्हा गोळा करायला वर्षं जातात.

निवड सुरू करण्याआधी आपल्या जातीचं लिखित मानक मिळवून वाचा. अमेरिकेत असं पहिलं मानक १८७४ मध्ये निघालं. प्रौढ नर-मादीचं वजन, तुऱ्याचा प्रकार, कानपाळीचा आणि पायांचा रंग, शेपटीचा कोन हे सगळं त्यात दिलेलं असतं. नुसते फोटो बघून जात समजत नाही, कारण फोटोत वजनही कळत नाही आणि पाठही.

किती पिल्लं उबवली म्हणजे निवडीला वाव राहतो?

साधारण दहा नरांतून एक आणि तीन-चार तलंगांतून (तलंग म्हणजे पहिल्या वर्षातली तरुण कोंबडी) एक ठेवता आली पाहिजे. पन्नास पिल्लांत अंदाजे निम्मे नर निघतात. त्यातून दोन-तीन नर आणि सहा-आठ तलंगा उरतात. बारा पिल्लं काढून त्यातल्या दहा ठेवणं ही निवड नव्हे.

जागा कमी असेल तर तीन आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन खेपा काढा. पण तुलना नेहमी एकाच खेपेतल्या पिल्लांची करायची. वेगवेगळ्या खेपांचे पक्षी शेजारी ठेवले की वयाने मोठा असलेलाच उजवा वाटतो.

कोणत्या वयात निवडायचं?

एकदाच नाही, टप्प्याटप्प्याने. उबल्याबरोबर पहिली चाळणी: नाभी न मिटलेली, उभं न राहणारी पिल्लं बाद. कवचातून हाताने सोडवावं लागलेलं पिल्लू जगलं, तरी त्याच्यावर खूण करा आणि पैदाशीला ठेवू नका. आठ आठवड्यांना प्रत्येक पक्षी वजनकाट्यावर ठेवा. या वयात वेगाने वाढलेले आणि पाठ रुंद असलेले पक्षी पुढेही सहसा तसेच राहतात, त्यामुळे मांसल जातींत हा टप्पा फार महत्त्वाचा. सोळा ते वीस आठवड्यांत बांधा, पाय, तुरा स्पष्ट होतात. तलंगांची पुढची परीक्षा अंडी सुरू झाल्यावर आणि शेवटची पहिल्या पीसगळीत.

रंगावरून लहान पिल्लं गाळू नका. काळ्या जातींच्या पिल्लांच्या पोटाला पांढरट लव असते आणि पहिल्या पिसांत पंखाच्या टोकाला पांढरं दिसतं. बऱ्याच पिल्लांत ते प्रौढ पिसं येताना आपोआप जातं. घाईने गाळलेल्यात कित्येकदा खेपेतला सर्वोत्तम पक्षी असतो.

पक्षी हातात घेऊन नेमकं काय तपासायचं?

लांबून बघून फार तर चाल आणि ठेवण कळते. बाकी सगळं हाताला कळतं. सकाळी दाणा टाकण्याआधी पक्षी घ्या. तळहात छातीखाली, दोन्ही पाय बोटांच्या बेचक्यात, डोकं आपल्या कोपराकडे. असा धरला की बहुतेक पक्षी शांत राहतात आणि दुसरा हात मोकळा होतो.

डोक्यापासून सुरुवात करा. डोळे टपोरे, चमकदार आणि दोन्ही सारखे हवेत. बाहुली गोल हवी. तिची कड दातेरी असेल किंवा बुबुळ करडं पडलं असेल, तर ते मरेक्स या विषाणूजन्य रोगाचं लक्षण असू शकतं. चोचीचे दोन्ही भाग एकमेकांवर नीट बसतात का ते समोरून पाहा, बाजूने पाहून कळत नाही. नाकपुड्यांत ओल किंवा खपली नको. सकाळी गळ्याची पिशवी रिकामी असली पाहिजे. रात्रभरानंतरही ती भरलेली आणि लिबलिबीत लागली तर पचनात अडथळा आहे.

आता छातीचं हाड. मधलं बोट त्याच्या कडेवरून पुढून मागे फिरवा. ते सरळ आणि पुरेसं लांब हवं, दोन्ही बाजूंचं मांस सारखं लागलं पाहिजे. मग तळहात पाठीवर आडवा ठेवा. खांद्याशी असलेली रुंदी शेपटीच्या मुळापर्यंत किती टिकते, हे या एका हालचालीत समजतं. मागे निमुळती होणारी पाठ म्हणजे अंड्यांना आणि मांसाला, दोघांनाही जागा कमी.

पंख पंख्यासारखा उघडा. बाहेरच्या बाजूला दहा मोठी पिसं, मग एक आखूड मधलं पीस, पुढे आतली पिसं. मधलं पीसच नसेल आणि तिथे फट पडली असेल तर त्याला फाटका पंख म्हणतात. हा दोष पिढ्यान्‌पिढ्या मागे लागतो. पंख मिटल्यावर बाहेरची पिसं पुन्हा आत सरकली पाहिजेत.

पाय सरळ, घोट्याशी एकमेकांना न घासणारे. खवले वर उचललेले असतील तर तिथे किडे आहेत. तळव्याला काळी गाठ असेल तर ती संसर्गाची. शेवटी गुदद्वाराजवळची पिसं बाजूला करा: पिसांच्या मुळाशी पांढरट गुच्छ म्हणजे उवांची अंडी. एका कळपात एकाच पक्ष्यावर उवा लदलेल्या असतील तर आधी त्याची प्रकृती तपासा. निरोगी पक्षी धूळस्नान करून आणि चोचीने पिसं साफ करून त्या आटोक्यात ठेवतो.

कोणते दोष दिसले की पक्षी थेट बाद?

कातरीसारखी चोच, पाठीला कुबड, कायम एका बाजूला वळलेली शेपटी, फाटका पंख, एकेरी तुऱ्याच्या बाजूला फुटलेला कोंब, स्वच्छ पायांच्या जातीत नडगीवर किंवा बोटांमध्ये आलेली बारीक पिसं, चुकीची बोटसंख्या, मानकाशी न जुळणारा तुऱ्याचा प्रकार. असा पक्षी अंडी द्यायला ठेवायला हरकत नाही. त्याची अंडी उबवायची नाहीत, एवढंच.

तुऱ्याला एखादा दाता कमी-जास्त असणं, कानपाळीवर ठिपका, एखादं वेगळ्या रंगाचं पीस हे या यादीत येत नाही. ते दुरुस्तीचे दोष आहेत. एकच पथ्य पाळा: ज्या बाबतीत कोंबडा कमी आहे, नेमक्या त्याच बाबतीत कमी असलेली कोंबडी त्याच्यासोबत सोडू नका.

वाकडी बोटं किंवा वाकडं छातीचं हाड आनुवंशिक असतं का?

कधी असतं, कधी नसतं, आणि हा फरक न ओळखल्याने चांगलं रक्त उगाच वाया जातं. बोटं वाकडी होण्याची कारणं अनेक आहेत: पहिल्या दिवसांत गुळगुळीत कागदावर किंवा पत्र्यावर ठेवलेली पिल्लं, उबवणी यंत्रात चुकलेलं तापमान, आणि आहारात रायबोफ्लेविनची, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाची कमतरता. या कमतरतेत बोटं आतल्या बाजूला मुठीसारखी वळतात आणि पिल्लू घोट्यावर बसून चालतं. लवकर लक्षात आलं तर जीवनसत्त्व दिल्यावर ते सुधारतं. छातीचं हाड बहुतेकदा फार लवकर मिळालेल्या किंवा अरुंद, धारदार कडेच्या दांडीमुळे वाकतं, कारण कोवळ्या वयात ते अजून कूर्चेचंच असतं. जड जातींत हे जास्त दिसतं.

ओळखायचं कसं? सगळ्या आयांच्या पिल्लांत दोष विखुरलेला असेल तर चूक व्यवस्थेची. एकाच जोडीच्या पिल्लांत तो वारंवार दिसत असेल आणि शेजारची पिल्लं सरळ असतील, तर चूक रक्ताची. मग ती पिल्लंच नाही, तर ती जोडीही पुन्हा लावू नका. हे कळायला कोणतं पिल्लू कोणाचं याची नोंद लागते.

अंडी मोजण्याचा पिंजरा (कोंबडी अंडं घालायला आत गेली की दार मिटणारं खुराडं) नसताना चांगली अंडी देणारी कोंबडी कशी ओळखायची?

तीन ठिकाणं तपासा. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना ओटीपोटाच्या हाडांची टोकं लागतात. अंडी देणाऱ्या कोंबडीत त्यांच्यामध्ये दोन ते तीन बोटं बसतात आणि टोकं पातळ, लवचीक लागतात. अंड्यावर नसलेलीत जेमतेम एक बोट मावतं. या हाडांपासून छातीच्या हाडाच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर तीन-चार बोटं हवं आणि मधलं पोट मऊ हवं. ते घट्ट, चरबीने भरलेलं लागलं तर ती कोंबडी खाल्लेलं अंगावर घेते आहे. बॅन्टम, म्हणजे लहान आकाराच्या जातींना ही मापं अर्थातच लहान धरायची.

दुसरी खूण पिवळ्या कातडीच्या जातींतच चालते. अंड्याच्या बलकासाठी पिवळं रंगद्रव्य वापरलं जातं, म्हणून अंगावरचा पिवळेपणा ठरलेल्या क्रमाने उडतो: आधी गुदद्वार, मग डोळ्याभोवतीची कड, कानपाळी, चोच (मुळापासून टोकाकडे), तळवे आणि शेवटी नडगी. गुदद्वार काही दिवसांतच फिकं होतं, चोचीला सुमारे चार ते सहा आठवडे लागतात, नडगीला चार-पाच महिने. अंडी थांबली की याच क्रमाने रंग परत येतो. त्यामुळे चोचीचं टोक पांढरं आणि मूळ पिवळं दिसलं, तर कोंबडीने नुकतीच अंडी थांबवली आहेत.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे पीसगळ. लवकर गळू लागून महिनोन्‌महिने रेंगाळणारी कोंबडी कमी अंड्यांची. उशिरापर्यंत अंडी देऊन मग एकदम झडणारी, पंखाची तीन-चार मोठी पिसं एकाच वेळी टाकणारी कोंबडी कामाची. वर्षअखेर जिची पिसं सगळ्यात फाटलेली, विटलेली आणि पाय पांढरेफटक दिसतात, ती बहुतेकदा कळपातली सर्वोत्तम असते. दिसायला केविलवाणी म्हणून तिलाच काढून टाकल्याची उदाहरणं कमी नाहीत.

पिंजऱ्याचं खुराडं करणं शक्य असेल तर आठवड्यातले ठरावीक दोन-तीन दिवस नोंद घेतली तरी कोंबड्यांचा क्रम लावता येतो. त्या दिवशी मात्र दर तास-दीड तासाने कोंबडी सोडवायला हवी, नाहीतर ती आत तडफडून अंडी फोडते.

कोंबडा निवडताना वेगळं काय पाहायचं?

कळपातल्या प्रत्येक पिल्लात निम्मा वाटा त्याचा असतो, म्हणून कसोटी कडक ठेवा. तो स्वतः अंडी देत नाही, तेव्हा त्याची आई आणि बहिणी पाहायच्या. शिवाय कोंबड्यांत नराची दोन लिंगगुणसूत्रं सारखी (झेड-झेड) असतात आणि मादीची वेगळी (झेड-डब्ल्यू). त्यामुळे मुलीला तिचं झेड गुणसूत्र फक्त बापाकडून मिळतं. अंड्यांसाठी उत्तम आईचा, आणि बहिणीही तशाच असलेला मुलगा शोधायचा, तो म्हणूनच.

फलनक्षमता बघायला सोपी रीत: अंडी उबवायला ठेवून सातव्या दिवशी अंधारात टॉर्चवर धरा. शिरांचं जाळं नसलेली अंडी मोजा. दहा अंड्यांत तीन-चार निकामी निघाली तर कारण शोधा. कोचीन, ब्रह्मा, ऑर्पिंग्टन अशा दाट पिसांच्या जातींत नर आणि मादी दोघांच्याही गुदद्वाराभोवतीची पिसं कात्रीने कापली की कित्येकदा प्रश्न सुटतो. पायाची आरी (नडगीवरचा टोकदार काटा) फार लांब झाली तर मादीच्या पाठीला जखमा होतात आणि ती नराला टाळते. आरीचं टोक कानशीने बोथट करा.

गुलाबतुऱ्याच्या जातींत, उदाहरणार्थ वायनडॉटमध्ये, एक खास अडचण आहे. तुऱ्याचं जनुक दोन्ही बाजूंनी आलेल्या नरांची फलनक्षमता कमी असते. एकाच बाजूने आलेल्यांची ठीक असते. अशा कळपात मधूनच एकेरी तुऱ्याचं पिल्लू निघालं की लोक त्याच्या आईबापांना काढून टाकतात. ते करू नये. एकेरी जनुक वाहणारे असे पक्षी कळपाची फलनक्षमता टिकवून धरतात.

माणसांवर धावून येणारा नर कितीही देखणा असला तरी ठेवू नका. स्वभावही पुढच्या पिढीत उतरतो.

एका नरामागे किती माद्या?

हलक्या जातींत दहा-बारा, जड जातींत सहा-आठ. माद्या फारच कमी असतील तर पाठी सोलल्या जातात.

कोंबडा बदलल्यावर किती दिवसांनी अंडी उबवायची?

तीन आठवड्यांनी. कोंबडीच्या अंडनलिकेत वीर्य दोन आठवडे, कधी त्याहूनही जास्त जिवंत राहतं. आधीच्या कोंबड्याला बाजूला काढल्यापासून दिवस मोजायचे.

नात्यातले पक्षी एकत्र आले तर किती बिघडतं?

एका मीलनाने फारसं नाही. सतत तसंच होत राहिलं तर खूप. बाप-मुलगी किंवा सख्ख्या भाऊ-बहिणीच्या पिल्लांत अंतःप्रजननाचं (नात्यातल्या मीलनाचं) प्रमाण २५ टक्के, सावत्र भाऊ-बहिणीच्या पिल्लांत १२.५ टक्के. पण बंद कळपात हे प्रमाण नुसतं नर कमी ठेवल्यानेही वाढतं. दर पिढीची वाढ साधारण अशी काढतात: १ भागिले नरसंख्येची आठपट, अधिक १ भागिले मादीसंख्येची आठपट. एक नर आणि दहा माद्या: १३.७५ टक्के. त्याच नराबरोबर वीस माद्या ठेवल्या तरी १३.१ टक्के, म्हणजे जवळपास तेवढंच. तीन नर आणि बारा माद्या: ५.२ टक्के. माद्या वाढवून भागत नाही, नरच वाढवावे लागतात.

परसात हे सांभाळायला तीन घराण्यांची पद्धत उत्तम. तीन खुराड्यांना अ, ब, क म्हणा. प्रत्येकात एक नर आणि चार माद्या. मुली कायम आईच्या घराण्यात राहतात. अ घराण्यात जन्मलेला सर्वोत्तम नर पुढच्या हंगामात ब मध्ये जातो, ब चा क मध्ये, क चा अ मध्ये. दरवर्षी हीच दिशा. पायात घराण्याच्या रंगाची कडी घातली की गोंधळ होत नाही. चांगली जोपासना केली तर असा कळप बाहेरचं रक्त न आणता बरीच वर्षं चालतो.

फलन कमी होणं, भ्रूण कवचात मरणं, पिल्लं हळू वाढणं ही अंतःप्रजनन जास्त झाल्याची पहिली लक्षणं. दरवर्षीचे उबवणीचे आकडे लिहून ठेवले तरच ती वेळेत दिसतात.

बाहेरचं रक्त कसं आणावं?

थेट मुख्य कळपात नाही. आधी तीस दिवस वेगळं ठेवायचं, दाणा-पाण्याची भांडी आणि पादत्राणंही वेगळी. मग नव्या कोंबड्याला दोन-तीन माद्यांबरोबर बाजूच्या खुराड्यात सोडून पिल्लं वाढवून बघा. दोन्हीकडचे पक्षी चांगले असूनही मुलांत दडलेले दोष उघडे पडू शकतात, कारण प्रत्येक कळपात वेगळे अप्रभावी (दोन्ही बाजूंनी आले तरच दिसणारे) जनुक साठलेले असतात. पिल्लं पसंत पडली तर त्यातल्या एक-दोन मुली जुन्या कोंबड्याकडे ठेवा. त्यांच्या पिल्लांत नवं रक्त चौथा हिस्सा उरतं. तेवढ्याने जोम परततो आणि जातीचा साचा मोडत नाही.

काही जातींत सगळी पिल्लं आईबापांसारखी का निघत नाहीत?

कारण तो रंग किंवा ते लक्षण एका जनुकाच्या अर्ध्या मात्रेमुळे दिसतं. निळ्या अँडलुशियनची निळ्याशी जोडी लावली की सरासरीने निम्मी पिल्लं निळी, पाव काळी, पाव ठिपकेदार पांढरट. सगळी निळी हवी असतील तर काळा आणि ठिपकेदार पक्षी एकत्र लावा. कुरळ्या पिसांच्या दोन पक्ष्यांतून पाव पिल्लांची पिसं इतकी ठिसूळ येतात की ती तुटून अंग उघडं पडतं. म्हणून कुरळ्याला साध्या पिसांचा जोडीदार द्या. जपानी बॅन्टमसारख्या आखूड पायांच्या जातींत दोन आखूड पक्षी जोडले तर पाव भ्रूण कवचातच मरतात. इथे उबवणी यंत्राला दोष देऊन उपयोग नाही.

पट्टेदार प्लिमथ रॉकमध्ये नराला पट्ट्याच्या जनुकाच्या दोन प्रती मिळतात, मादीला एक. त्यामुळे नर नेहमीच थोडा फिका दिसतो आणि तो दोष नव्हे.

पैदाशीच्या कोंबड्यांना वेगळा आहार लागतो का?

लागतो, आणि अंडी गोळा करायच्या चार-सहा आठवडे आधीपासून. खायच्या अंड्यांसाठीचा दाणा अंडी देतो, पण त्या अंड्यातून सशक्त पिल्लू यायला जीवनसत्त्वं आणि खनिजं जास्त लागतात. प्रथिनं १६ ते १८ टक्के ठेवा, शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात द्या. कोंबड्याला तेवढं कॅल्शियम लागत नाही, तो आपोआप कमी खातो. न उबलेली अंडी फोडून बघा. भ्रूण दुसऱ्या आठवड्यात मेलेले जास्त आढळले तर संशय आयांच्या आहारावर घ्या. शेवटच्या तीन दिवसांत मेलेले जास्त असतील तर आधी यंत्राचं तापमान आणि आर्द्रता तपासा.

उबवायला कोणती अंडी घ्यायची?

जातीला साजेशा वजनाची, नीट आकाराची, गुळगुळीत कवचाची. लांबुळकी, गोल, पातळ किंवा सुरकुतलेल्या कवचाची नकोत, कारण आकार आणि कवचही वारशाने येतात. तलंगांची सुरुवातीची लहान अंडी टाळा. साठवण १३ ते १६ अंश सेल्सिअसला, निमुळतं टोक खाली, शक्यतो सात दिवसांच्या आत. पुढे प्रत्येक दिवशी उबवणीचं प्रमाण घटतं. मळलेलं अंडं धुऊन उबवण्यापेक्षा बाजूला काढलेलं बरं.

पिल्लांवर खूण कशी करायची?

पहिल्याच दिवशी बोटांमधल्या पडद्याला बारीक छिद्र पाडून. दोन पायांचे मिळून चार पडदे, म्हणजे छिद्र आहे-नाही अशा सोळा खुणा मिळतात. सोळा जोड्यांची पिल्लं ओळखू येतात. छिद्र आरपार आणि स्वच्छ पडलं नाही तर ते भरून येतं, म्हणून आठवड्याने एकदा पाहा. प्लास्टिकची कडी वापरत असाल तर वाढत्या वयात ती दर आठवड्याला तपासावी लागते. घट्ट झालेली कडी पायात रुतते.

आजारातून बरा झालेला पक्षी पैदाशीला चालतो का?

जखम किंवा अपघात असेल तर चालतो. श्वसनाचा आजार होऊन गेला असेल तर नको. मायकोप्लाझ्मा या श्वसनरोगाच्या जिवाणूची लागण झालेला पक्षी बरा दिसला तरी वाहक राहतो आणि रोग अंड्यातून पिल्लांत जातो. पुलोरम या जिवाणूजन्य रोगाचंही तसंच. त्यासाठी रक्ताच्या थेंबाची चाचणी असते, ती पैदाशीच्या हंगामाआधी सगळ्या पक्ष्यांची करून घ्या. औषधं देऊन देऊन टिकवलेल्या पक्ष्याची अंडी उबवणं म्हणजे तीच दुबळी प्रकृती पुढच्या पिढीला देणं.

तलंगा घ्याव्यात की दोन वर्षांच्या कोंबड्या?

निवडीची संधी असेल तर दोन वर्षांच्या कोंबड्या. त्यांनी एक पूर्ण हंगाम अंडी दिलेली असतात, पीसगळ पार केलेली असते, आजारांतून तगलेल्या असतात, आणि त्यांचं अंडंही मोठं असतं. त्यांच्याबरोबर एक वर्षाचा जोमदार नर सोडा. जड जातींत तो सात-आठ महिन्यांच्या आत पुरता तयार होत नाही. तीन-चार वर्षांची कोंबडी अजून नियमित अंडी देत असेल तर तिची प्रत्येक चांगली अंडी उबवायला ठेवा आणि तिच्या मुलांवर वेगळी खूण करा.